मास्तरांनी न पाहिलेला साप

नाईक तलावाच्या आसपासच्या गल्ल्यांत ताराचंद पौनीकर हे नाव सांगितलं तर आता कोणी ओळखत नाही. 'सापवाला मास्तर' म्हटलं की मात्र म्हाताऱ्या बाया मान हलवतात. "हो हो, त्याच्यापायीच बाबनरावची बायको गेली," म्हणतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. मी मास्तरांच्या रविवारच्या वर्गात काही वर्षं बसलो आहे. पुढच्या हकिकतीतली निम्मी मी पाहिलेली आहे. निम्मी मास्तर गेल्यावर त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाकाकूंनी सांगितली.

मास्तर कोष्ट्याच्याच घरातले. बाप मागावर बसून बसून पाठीत वाकलेला. मास्तर इंटर सायन्सपर्यंत पोचले, मग बाप खाटेला लागला आणि त्यांनी एका संस्थेच्या मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवायची नोकरी धरली. त्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. किल्ली हेडमास्तरांकडे. इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी भिंग, परीक्षानळ्या, होकायंत्र असं सगळं पुसून टेबलावर मांडायचं, इन्स्पेक्टर गेले की पुन्हा आत. मास्तरांनी एकदा विचारलं, "पोरांच्या हातात कधी द्यायचं?" हेडमास्तर म्हणाले, "आणि फुटलं तर?"

त्यानंतर लवकरच, सासष्ट साली, मास्तरांनी स्वतःच्या घरी वर्ग सुरू केला. बाप वारल्यावर माग विकला होता, मागाखालचा खड्डा बुजवला होता, त्यामुळे पुढची खोली रिकामी होती. दर रविवारी सकाळी तिथं गल्लीतली पोरं जमायची. शाळेतली थोडी, शाळा सोडलेली जास्त. कोणी मागावर बसणारा, कोणी मिलमध्ये बदली कामगार, कोणी गांधीबागेत गठ्ठे वाहणारा. आठवी नापास, सहावी नापास. मास्तर फळ्यावर काही लिहीत नसत. खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून घंटी वाजवायला लावत. उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरून त्यातून मुंगीचा पाय दाखवत. तलावाचं पाणी वर किती गार आणि तळाशी किती गार हे दोरीला बाटली बांधून आम्हीच मोजलं होतं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "आधी डोळे, मग हात, तोंड सगळ्यात शेवटी." म्हणजे नीट पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हात लावून खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही.

साप वर्गात आले ते आमच्या घरांमुळे. कोष्ट्यांच्या घरात सुताला खळ लागते, खळीसाठी उंदीर येतात आणि उंदरांसाठी साप. पावसाळ्यात मागाच्या खड्ड्यात साप निघणं नवीन नव्हतं. विणकर पाय सोडून बसायचा त्याच खड्ड्यात. साप निघाला की काठ्या घेऊन गल्ली धावायची. मास्तर म्हणाले, दहातले आठ साप बिनविषारी असतात, त्यांना मारलं तर उंदीरच वाढतील आणि सूत कुरतडतील. मग त्यांनी साप ओळखायला शिकवलं. मेलेले साप फॉर्मॅलिनच्या बरण्यांत घालून मांडणीवर ठेवले. जिवंत साप आकडीनं उचलून मडक्यात कसा सोडायचा ते दाखवलं.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी दोन सापांवर घालवला. कवड्या आणि मण्यार. दोघंही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराची मान कोरी असते, पट्टे खाली सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्या पाली खाऊन जगणारा, चिडका, पण विष नाही. मण्याराचं विष नागापेक्षा जहाल, आणि तो दिवसा इतका सुस्त की मेल्यासारखा पडून राहतो. चावला तरी मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही. म्हणून मास्तरांचा नियम होता. साप पकडला की मडक्याला फडकं बांधायचं आणि थेट त्यांच्या घरी आणायचं. त्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही साप सोडायचा नाही, पकडणाऱ्याला कितीही खात्री असली तरी.

वर्गात एकच मुलगी होती. जयवंता. तिचे वडील मारोतराव आमच्याच गल्लीत मागावर बसत आणि ती दिवसभर त्यांच्यासाठी कांड्या भरत असे. चौथीनंतर शाळा सुटलेली. मास्तर मारोतरावांच्या ओट्यावर तीन-चारदा जाऊन बसले तेव्हा त्यांनी तिला पाठवलं. "पोरीच्या जातीले साप-विंचू काहाले पाह्यजे गा मास्तर?" असं ते म्हणत, पण पाठवलं. जयवंता आमच्या सगळ्यांपेक्षा पुढं गेली. तिचा हात स्थिर होता. कांडीवर सूत चढवताना जो हात लागतो तोच तिनं आकडीला लावला. दोन पावसाळ्यांत ती गल्लीतल्या बायांचा आधार झाली. साप निघाला की पुरुष काठी शोधायचे आणि बाया म्हणायच्या, "जयवंताले बोलवा वं." मास्तरांना तिचा केवढा अभिमान! पुढं तिला मॅट्रिकला बसवायचं, असं ते प्रेमिलाकाकूंना रोज सांगत. काकूंना मूल नव्हतं. त्या म्हणत, "लेक दुसऱ्याची, स्वप्नं तुमची."

बहात्तरच्या श्रावणात बाबनरावांच्या मागाच्या खड्ड्यात साप निघाला. बाबनराव मारोतरावांपासून दोन घरं सोडून राहत. सकाळची वेळ. बाबनरावांनी बांबू उचलला होता, पण त्यांची बायको रंभाबाई त्यांना अडवून धावत जयवंताकडे गेली. रंभाबाई भोळी, हसरी बाई. जयवंतावर तिचा जीव. जयवंता आली, खड्ड्यात वाकली, म्हणाली, "काका, मारू नका. कवड्या हाये. बिनविषारी." आकडीनं उचलून मडक्यात घातला, फडकं बांधलं. "सरांले दाखवून सोडून देतो," असं म्हणून मडकं घेऊन गेली. गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. नियम सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे मडकं मास्तरांकडे गेलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

मडकं मास्तरांकडे गेलं नाही. त्या दिवशी काटोलहून जयवंताला बघायला पाहुणे येणार होते. मुलाच्या घरचं काटोलात कापडाचं दुकान होतं. कोष्ट्याच्या घरी असं स्थळ रोज येत नाही. मैनाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, दारात मडकं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पाव्हने मोटरस्टँडवर उतरले असतील आन् तू साप घेऊन फिरून राहिली? फेक ते आधी!" मास्तरांचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. जयवंता परसदारी गेली, घरांच्या मागं दगड-विटांचा ढीग होता तिथं मडकं आडवं करून साप सोडला, आणि हात धुऊन साडी नेसायला गेली. पाहुण्यांनी तिला पसंत केलं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाई उठली ती पोट धरून. रात्रीचं वांगं बाधलं असेल म्हणून तिनं ओवा खाल्ला. थोड्या वेळानं तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. "अंधार होऊन राहिला," म्हणाली, आणि मग जीभ जड झाली. पायाच्या घोट्यावर दोन बारीक टोचे होते, ते शेजारणीला दिसले. बाबनरावांनी तिला आधी पलीकडच्या मोहल्ल्यातल्या भगताकडे नेलं. भगतानं लिंबाच्या पाल्यानं झाडलं, काहीतरी पाजलं. दवाखान्यात नेईपर्यंत ऊन चढलं होतं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि बाबनरावांकडे पाहून एवढंच म्हटलं, "सकाळीच आणली असती तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

संध्याकाळी अंत्यविधीहून परत आल्यावर रंभाबाईच्या गोधडीच्या घड्या उलगडताना साप सापडला. बाबनरावांनी तो ठेचला, काठीवर टाकला आणि सगळी गल्ली मागं घेऊन मास्तरांच्या दारात आले. मी त्या घोळक्यात होतो.

"मास्तर, बाहेर या. हा कोनता साप हाये, सांगा."

मास्तर खाली बसले. ठेचलेल्या सापाची मान बोटानं सरळ केली. बराच वेळ पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं, पण सापाबद्दल त्यांच्या तोंडून खोटं निघालंच नसतं.

"मण्यार आहे."

"विषारी?"

"विषारी."

"मंग कवड्या कोन म्हटलं?" बाबनराव ओरडले. "मी मारत होतो, मले मारू नाही देल्लं. माही बायको गेली, मास्तर! कोन म्हटलं कवड्या?"

सगळ्यांच्या माना जयवंताकडे वळल्या. ती मारोतरावांच्या मागं उभी होती, भिंतीला टेकून. त्या क्षणी मास्तरांच्या मनात काय आलं ते त्यांनी पुढं प्रेमिलाकाकूंना सांगितलं. हा साप तोच, की दुसराच, हे कोणालाच सिद्ध करता येणार नव्हतं. शास्त्र म्हणून ते तसं बोलू शकले असते. पण समोर जमाव होता आणि त्या जमावाला एक नाव हवं होतं. पोरीचं लग्न मोडलं असतं. जन्मभर गल्लीनं तिला बाईमारी म्हटलं असतं.

"मडकं माझ्याकडे आलं होतं," मास्तर म्हणाले. "तिनं मला दाखवलं. मीच कवड्या सांगितलं. पोरीचा काही दोष नाही."

बाबनरावांनी पायातली चप्पल काढली. दोन मारल्या, तिसऱ्यांदा लोकांनी धरलं. मग पोरं घरात शिरली. त्यात वर्गात बसलेलीही दोघं होती. मांडणीवरच्या बरण्या एकेक करून रस्त्यावर फोडल्या. फॉर्मॅलिनचा वास इतका तिखट की फोडणाऱ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मास्तर दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी कोणाला थांबवलं नाही.

प्रेमिलाकाकू त्या दिवशी घरातच होत्या. दारात मडकं आलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी कोनता साप पाह्यला?"

मास्तरांनी वाकून दारातल्या काचा गोळा करायला घेतल्या.

"आयुष्यात एक डाव खोटं बोलले," काकू म्हणाल्या, "ते बी दुसऱ्याच्या घरासाठी."

आठवड्याभरानं जयवंता मागच्या दारानं आली. हळद लागायची होती. तिनं मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. मास्तरांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "मानेवर पट्टे होते का?"

"आठवत नाही, सर."

"आठवत नाही, की पाहिलं नाहीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"जयवंता, पाहिलं नाहीस का तू?"

"पाव्हने येऊन राह्यले होते, सर. माय वरडून राहिली होती."

"तुझ्या अंगावर आला होता का तो? फुत्कारला, तोंड मारलं?"

"नाही सर. गुपचूप पडून होता. तोंड लपवून."

मास्तरांनी डोळे मिटले. तिला शिकवलेल्या खुणांतली हीच एक खूण पुरेशी होती. मग ते म्हणाले, "जा. सुखानं राहा. हे कोणाला सांगू नकोस." तिनं मान हलवली. तिचं लग्न मार्गशीर्षात झालं. मास्तरांना बोलावणं नव्हतं. गल्लीत ते बरं दिसलं नसतं.

शाळेच्या संस्थेनं चौकशी केली नाही. चिटणीसांनी मास्तरांना बोलावून सांगितलं की पालक नाराज आहेत, तुम्हीच राजीनामा दिलात तर दोघांचीही अब्रू राहील. राजीनाम्यानंतर खाजगी शिकवणीला पोरं मिळाली नाहीत. गल्लीनं रंभाबाईच्या मरणाचा अर्थ लावून टाकला होता. विज्ञान-बिज्ञान हे सगळं थोतांड, साप दिसला की ठेचायचा, आणि पुस्तकवाल्यांचं ऐकलं की घर बसतं. मास्तरांनी सहा वर्षं जे उभं केलं होतं ते त्यांच्याच तोंडच्या एका वाक्यानं आडवं झालं. त्यांना ते कळत होतं. "माझ्या चुकीनं बुडालं असतं तर मी दुरुस्त केलं असतं," असं त्यांनी एकदा काकूंना म्हटलं. "न केलेली चूक कशी दुरुस्त करू?"

शेवटी ते गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात लागले. गज घेऊन कापड मोजायचं, गठ्ठे बांधायचे. काकू घरी पापड लाटायच्या. वर्गातली आम्ही पोरं कामाधंद्याला लागलो. मी कधीमधी दुकानात जाऊन भेटायचो. ते ग्राहकाशी बोलत तेवढंच माझ्याशी बोलत.

असं अकरा वर्षं चाललं. त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी काटोलचे एक व्यापारी सहकुटुंब दुकानात आले. ठोक माल घ्यायचा आणि जमलं तर घरच्यांसाठी साड्या. बाई भरल्या अंगाची, गळ्यात सोनं, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. मास्तरांनी जयवंताला ओळखलं. तिनंही ओळखलं. ती हसली, अगदी मोकळं.

"सर! तुमी इथं?"

मास्तरांच्या हातातला गज थांबला. नवऱ्यानं विचारलं, "कोन हे?"

"आमच्या मोहल्ल्यातले मास्तर," ती म्हणाली. "मी सांगतलं नव्हतं का तुमाले, सापाचं? यायनच त्या मण्याराले कवड्या म्हटलं आन् आमची रंभाकाकू गेली बिचारी." मग मास्तरांकडे वळून, समजूत काढल्यासारखी, "जाऊ द्या सर. चूक मानसाकडूनच होते. मी तर कवाच मनातून काढून टाकलं."

मास्तरांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. काहीतरी लपवणारी, लाजणारी, निदान नजर चुकवणारी अशी एखादी जागा तिथं असेल म्हणून ते शोधत राहिले. नव्हती. बोलून बोलून ती गोष्ट तिच्यापुरती खरी झाली होती. मुलीनं विचारलं, "माय, मण्यार कसा ओळखू येते?" जयवंतानं तिचा हात ओढला. "नाव नको घेऊ त्याचं. दिसला का मारा, एवढं समजलं तरी लय झालं."

त्यांनी माल घेतला आणि गेले. मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदा दुकानातून लवकर सुट्टी मागितली. घरी न जाता ते सरळ बाबनरावांच्या दारात गेले. बाबनराव आता थकले होते. माग बंद पडला होता, ओट्यावर बसून असायचे. मास्तरांना पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"बाबनराव, एक सांगायचं आहे. तो साप मी पाहिला नव्हता."

"कोनता साप?"

"तोच. मडकं माझ्याकडे आलंच नाही. मी त्या दिवशी खोटं बोललो."

बाबनराव हळूच वळले. "मंग कोनं पाह्यला?"

मास्तर थांबले. नाव घ्यायचं जिवावर आलं, पण आता न घेता भागणार नव्हतं. "जयवंतानं. एकटीनंच."

बाबनराव उठून उभे राहिले. काठी टेकून, धापा टाकत. "अकरा साल झाले, मास्तर. अकरा साल तुमी तोंड शिवून होते. आता पोरगी दूर गेली, सुखात हाये, तिच्या बापाले मरून साल झालं, तं तिच्यावर ढकलून राहिले? लाज नाही वाटत?"

"मी खरं सांगतो आहे."

"तवा खोटं होतं म्हनता, मंग आता खरं कशावरून?" बाबनरावांचा आवाज फाटला. "तुमचीच चूक होती. तुमी नसते बोलले तं मी त्याच सकाळी ठेचला असता. मीच ठेचला असता!"

ते हे इतक्या वेळा म्हणाले की मास्तरांना कळून चुकलं. भगताच्या दारात गेलेली ती सकाळ बाबनरावांना आठवायची नव्हती. त्यासाठी त्यांना मास्तरच दोषी हवे होते. सुनेनं येऊन बाबनरावांना आत नेलं आणि दार लावलं. गल्लीत दोन दिवस ही बातमी फिरली. पौनीकर मास्तर म्हातारपणी पोरीवर बालंट आणायला निघाला. मारोतरावांच्या मुलानं दुकानात येऊन मालकासमोर मास्तरांना दम भरला.

त्यानंतर मास्तरांनी तो विषय काढला नाही. काकूंनी विचारलं, "काहून गेले होते? काय मिळालं?" ते म्हणाले, "निदान एकदा बोलून पाहिलं."

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात मी त्यांच्याबरोबर दुकानाकडे चाललो होतो. तलावाच्या कडेला पोरांनी एक मोठी, बिनविषारी धामण मारून काठीवर टाकली होती, नाचवत होते. कोणीतरी ओळखून हाक मारली, "ओ सापवाले मास्तर, हा कोनता? जहरी हाये का?"

मास्तर थांबले. धामणीकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील.

"मेलाय ना?" ते म्हणाले. "मग तुम्हाला काय करायचं आहे," आणि छत्री सावरून पुढं चालायला लागले.